पुढे खड्डा आहे, वळसा घ्या

पहिल्या पाळीची कंपनीची बस केडगावातून निघते तेव्हा उजाडलेलं नसतं, आणि आतली माणसंही उजाडलेली नसतात. कुणाची मान खिडकीवर, कुणाची शेजाऱ्याच्या खांद्यावर. चास येईस्तोवर घोरण्याचा एक सूर लागतो आणि सुप्याचा फाटा आला की ड्रायव्हर मुद्दाम जोरात ब्रेक मारतो. तोच आमचा गजर.

अशा बसमध्ये एकच माणूस ताठ बसलेला असतो. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा आणि दोन-चार पुस्तकं. त्याच्या शेजारची जागा बहुतेक वेळा रिकामी असते. नव्या माणसाला वाटतं, वा, बसायला मिळालं. सुप्यात उतरताना त्याच्या हातात पुस्तक असतं आणि कळत नाही की हे आपण मागितलं कधी.

मलाही अशीच बसायला जागा मिळाली होती.

त्या माणसाचं नाव कारभारी भिंगारदिवे. गाड्यांच्या सीटसाठी लागणारा फोम आम्ही बनवतो आणि तो खोक्यात भरून पाठवायचं काम कारभारीमामांचं. सगळे तोंडावर मामा म्हणतात, पाठीमागे डॉक्टर. कारण मामा माणसाला नाव-गाव विचारत नाहीत. थेट विचारतात, "काय दुखतंय?"

माझं तेव्हा लग्न मोडलं होतं. म्हणजे जमलंच नव्हतं, पण मोडलं म्हटलं की जरा वजन येतं. मुलीच्या चुलत्यानं विचारलं होतं, मुलगा कायम आहे का? मी म्हटलं, मुलगा कायम आहे, नोकरी कायम नाही. चुलत्याला विनोद कळला नाही. मामांना कळला, पण ते हसले नाहीत. पिशवीत हात घातला आणि म्हणाले, "बेलापूरकर, हे घे. बोटीचं हाय. रोज थोडं थोडं घे, जेवनानंतर."

मी बेलापूरचा, म्हणून बेलापूरकर. बेलापूरला शाळा, श्रीरामपूरला आयटीआय, आणि आता केडगावात एक खोली, जिच्यात खिडकीपेक्षा गॅसची टाकी मोठी आहे.

मामांच्या पुस्तकांना नावं नसतात. निम्मी पुस्तकं माळीवाड्याच्या बाजूच्या रद्दीवाल्याकडची, निम्मी सहा डिसेंबरला दादरला जाऊन पिशवी भरून आणलेली आणि वर्षानुवर्षं हाताळून सोललेली. वरचं पान गेलेलं असतं. मामा खोक्याचा पुठ्ठा कापून त्याला घट्ट कव्हर घालतात, त्यावर 'नाजूक माल' असा छाप तसाच राहतो. मग बसमध्ये त्यांना आतल्या गोष्टीवरून नाव पडतं. बोटीचं, विहिरीचं, मास्तरीणबाईचं. लेखकांनी ऐकलं तर भांडायला येतील, पण त्यांची नावं वरच्या पानाबरोबर रद्दीतच राहिली.

मामांचा नियम एकच. पुस्तकानं उमेद दिली पाहिजे.

"मानूस आधीच दमून आलेला असतो रे," ते म्हणायचे. "त्याला आनखी रडवून काय मिळवायचं? रडायचं काम तर फुकटात हुतं घरी."

पण रद्दीतली पुस्तकं हा नियम पाळत नाहीत. चांगलं चाललेलं असतं, आणि अचानक कुणीतरी खोकायला लागतं. त्यावर मामांनी इलाज काढला होता. स्टेपलर. दुःख सुरू झालं की तिथून ते संपेपर्यंतची सगळी पानं ते एकत्र धरायचे, कडेला पिना मारायचे आणि आधीच्या पानावर निळ्या पेनानं लिहायचे, 'पुढे खड्डा आहे, वळसा घ्या. पान अमुकवर या.' नगर-पुणे रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या माणसाला दुसरी भाषा कशी सुचणार?

बसमधल्या लोकांना याचं काही वाटत नव्हतं. उलट पानं कमी वाचावी लागतात म्हणून बरंच वाटायचं. बोंब मारली ती कानिफनाथनं. कानिफनाथ फोर्कलिफ्ट चालवतो, आणि बोलतोही तसाच. समोरचा बाजूला होईपर्यंत थांबत नाही.

"मामा!" एकदा सकाळी त्यानं सगळी बस उठवली. "ह्या मास्तरीणबाईची काय भानगड हाय? खड्ड्याच्या अलीकडं ती कुवारी. तुमी सांगितला तसा वळसा घालून आलो, तर कडेवर एक पोरगं, अन् एक बोटाला धरलेलं! मधी काय झालं?"

"मधी रडारड हाय," मामा शांतपणे म्हणाले. "तुला काय करायचंय?"

"मला न्हाई करायचं, पन बाईचं नाव खराब हुतंय ना!"

कामरगाव येईपर्यंत बस हसत होती. कानिफनाथनं दातानं पिना उपटल्या. आत काय निघालं? लग्न! बँड, पंगत, नवरदेवाचा रुसवा, सगळं. फक्त सुरुवातीला आईच्या गळ्यात पडून नवरी रडत होती. मामांनी रडणं बघितलं आणि पिना मारल्या.

"म्हंजी तुमी वाचलंच न्हाई?" कानिफनाथ म्हणाला.

"पहिलं पान वाचलं की. बाई रडाया लागली. मी थांबलो."

"अन् आमाला काय सांगता, उमेद!"

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर अजून अंधारच होता. बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो खाट सरकवायला. रविवारी सकाळी फोन आला, "बेलापूरकर, जरा हात लावायला ये. हिला खिडकीकडचं ऊन पायजे." केडगावात मागच्या गल्लीत दोन खोल्या. समोर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पुठ्ठ्याच्या कव्हरांच्या थप्प्या, आणि खाटेवर सुमनबाई. मामी. शुगरनं आधी त्यांचे डोळे नेले, मग किडन्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर जावं लागायचं. लेक प्रज्ञा पुण्याला दवाखान्यात नर्स, सुट्टी मिळेल तशी यायची. बाकी सगळं मामांच्या अंगावर. पहिली पाळी करायची, दुपारी रिक्षात घालून न्यायचं, संध्याकाळी आणायचं, मऊ भात करायचा. भाकरी त्यांना येत नव्हती. शेजारच्या जयाबाई करून द्यायच्या.

"जय भीम, मामी," मी म्हटलं.

"जय भीम. तूच का तो लगीन मोडलेला?"

"जमलंच नव्हतं, मामी."

"मग मोडलं कशाला म्हनतो? उगी भाव खातो व्हय!"

त्या दिवसापासून रविवारी चहाला जायची मला सवय लागली. खोलीवर बसून छत बघण्यापेक्षा बरं. मामा तेव्हा खाटेशेजारी स्टुलावर बसून मामींना वाचून दाखवत असायचे. आठवडाभराचा थकवा आवाजात उतरलेला असायचा. एका वाक्याच्या मध्येच डुलकी लागायची, मामी "हं" म्हणाल्या की पुढचं वाक्य सुरू. पुस्तक विहिरीचं होतं. एक नवरा-बायको माळरानावर विहीर खोदतात. गाव हसतं, खडक लागतो, नवरा कंटाळतो, बायको त्याला शिव्या देते, पुन्हा खोदतात. शेवटी पाणी लागतं. म्हातारी होतात दोघं. मग म्हातारीला खोकला लागतो, आणि तिथं मामांच्या पिना होत्या.

"मग?" मामी म्हणाल्या.

मामांनी वळसा घातला. "मग नात विहिरीवर पानी शेंदाया येती. पानी गोड असतं. संपलं."

"म्हातारी कुठं गेली?"

"म्हातारी? ती... माहेरी गेली."

मामींनी न दिसणारे डोळे माझ्याकडं वळवले. "ऐकलंस का, बेलापूरकर? आख्ख्या पुस्तकात बाई एकदाबी माहेरी गेली न्हाई. नवऱ्यानं हाकललं तरी गेली न्हाई. अन् खोकला झाल्यावर, पाय लटलटत असताना, माहेरी गेली!"

"औषधपान्याला गेली असंल," मामा म्हणाले आणि कप उचलून आत गेले.

पुढच्या रविवारी मामा दूध आणायला गेले तेव्हा मामींनी मला जवळ बोलावलं. आवाज दमलेला होता, पण ठरवून आल्यासारखा.

"ते विहिरीचं काढ. पिना मारल्यात तिथं हात लाव. पिनेशेजारी भोकं हायेत का बघ, रिकामी?"

मी बघितलं. होती. प्रत्येक पिनेच्या शेजारी दोन बारीक भोकं.

"ती माझी," मामी म्हणाल्या. "डोळे हुते तवा मी पिना काढल्या, वाचलं, अन् ह्यांच्याच स्टेपलरनं परत मारल्या. सातवी पास हाय मी, काय समजतो? ह्यांच्या सगळ्या पुस्तकांतलं मी पिनांमधलं वाचलंय. बाकीचं तर ह्यांनीच तोंडानं सांगितलेलं असायचं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"डॉक्टरांनी प्रज्ञाला सांगितलंय. आता मशीनचाबी उपेग व्हईना. प्रज्ञानं मला सांगितलं. ह्यांना कोन सांगनार? डॉक्टर बोलाया लागला की हे बाटली भरायला जातात. प्रज्ञा बोलाया लागली की ह्यांना कंपनीचा फोन येतो, मोबाईल बंद असला तरी. मी बोलले की म्हनतात, झोप तू, दमलीस. दमले तर हायेच. पन मी गेल्यावर हा मानूस काय करनार? पिना कुठं मारनार?"

बाहेर कुणाची तरी चप्पल वाजली, आम्ही दोघं गप्प झालो. मामा नव्हते.

"माझं ऐकत न्हाईत," त्या म्हणाल्या. "पुस्तकाचं ऐकतील. पुस्तकाला उठून जा म्हनता येत न्हाई. तू वाच. माझ्यासाठी न्हाई, मला पाठ हाय. त्यांच्या कानावर पडू दे."

मामा दुधाची पिशवी घेऊन आत आले. मामींनी वेळ घालवला नाही.

"अहो, बेलापूरकर म्हनतोय, मी वाचतो आज. तुमी दमलात."

"वाचू दे की," मामा म्हणाले आणि पातेलं गॅसवर ठेवलं.

मी पिना काढायला लागलो. पिना निघतानाचा टक-टक आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला. मामा वळले.

"ए, तिथं न्हाई. तिथं वळसा हाय."

"मला वळसा नको," मामी म्हणाल्या. "मला सरळ जायचंय."

"सुमन, उगी कशाला? दुसरं वाचू की. बोटीचं वाच रे."

"बोट बुडाली तरी मला विहिरीचंच पायजे. वाच तू."

मामा माझ्याकडं असं बघत होते जसं काही मी त्यांच्या खिशात हात घातलाय. मग म्हणाले, "टाकीत पानी आलं का बघतो," आणि बाहेर गेले. टाकी खिडकीच्या अगदी खाली आहे. मामींनी खाट खिडकीशी का घेतली होती, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मी वाचायला लागलो. मला वाटलं होतं आत रडारड असेल. तशी नव्हती. खोकणारी म्हातारी खाटेवर पडल्या पडल्या म्हाताऱ्याला भाकरी शिकवत होती. पीठ कुठल्या डब्यात, पाणी किती कोमट, परातीत हात कसा फिरवायचा. म्हातारा चिडत होता. मी विहीर खोदली, मला भाकरी काय सांगतेस? म्हातारी म्हणत होती, विहीर उलटावी लागत नाही. पहिली भाकरी तव्यावर टाकताना दुमडली. दुसरीचे दोन तुकडे झाले. तिसरी म्हाताऱ्यानं रागानं बैलापुढे टाकली, तर बैलानं वास घेऊन तोंड फिरवलं.

खिडकीखालून फस्सकन आवाज आला. टाकीच्या तोटीचा असावा, असं मला वाटलं. तोटीचा नव्हता.

मामी पुटपुटल्या, "ऐकतायत."

मी पुढे वाचत गेलो. म्हातारी रोज सांगते, म्हातारा रोज बिघडवतो, रोज भांडण. मध्येच ती सांगते, लुगडी कुणाला द्यायची, गाय कुणाच्या हाताला सवयीची आहे, नातीला विहिरीवर एकटं जाऊ द्यायचं नाही. म्हातारा म्हणतो, हे आत्ता कशाला? ती म्हणते, नंतर मी सांगायला यायची नाही, माझे पाय दुखतात.

एवढ्यात मामा दारात उभे. हात ओले, सदरा ओला.

"आन इकडं," ते म्हणाले. "तुझं वाचन म्हंजी मालाची पावती वाचल्यागत. जीव न्हाई त्यात."

पुस्तक त्यांनी माझ्या हातातून घेतलं, स्टुलावर बसले आणि वाचायला लागले. आवाज नेहमीचाच, दमलेला. पण डुलकी नव्हती. गॅसवर दूध उतू गेलं तेव्हा मी उठून बंद केलं, त्यांना वासही आला नाही. पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि एका ठिकाणी ते थांबले. मी मागून बघितलं. छोटं वाक्य होतं. सकाळी म्हाताऱ्यानं हाक मारली, आणि म्हातारीनं ओ दिली नाही.

मामांचा अंगठा त्या वाक्यावर होता. दुसरा हात आपोआप पिशवीकडं गेला, जिथं स्टेपलर असायचं.

मामींना दिसत नव्हतं. पण पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात कुठल्या शांततेचा अर्थ काय, हे त्यांना न दिसताही कळत असणार. त्यांनी हात पुढे केला, आधी पुस्तक चाचपलं, मग मामांचं मनगट.

"वाचा की पुढं. मी हाय अजून."

मामांनी वाचलं. वाक्य वाचलं, आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मी उठलो. चप्पल घालताना मागून त्यांचा आवाज आला, बारीक, लहान मुलानं विचारावं तसा. "प्रज्ञा काय म्हनाली तुला? डॉक्टर काय म्हनला?"

मी दार ओढून घेतलं.

आयुष्यभर मामांनी जगाला पुस्तकं सुचवली. त्यांना कुणी पुस्तक सुचवल्याचं मी तरी तोवर ऐकलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी गेलो तर घरात धूर होता. परात जमिनीवर, मामा तिच्यासमोर मांडी घालून, कोपरापर्यंत पीठ. खाटेवरून हुकूम चालले होते.

"हात फिरवा, परात न्हाई! परात कशाला फिरवताय?"

"तुला दिसतंय का?"

"ऐकू येतंय."

जयाबाई दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला एक भाकरी मिळाली. एका बाजूला कच्ची, एका बाजूला कोळसा. मी म्हटलं, मामा, हिच्यावर पुठ्ठ्याचं कव्हर घाला, 'नाजूक माल' लिहा. मामी इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली, आणि मामा हातातलं पीठ तसंच ठेवून पाणी घेऊन धावले. त्या दिवशी ते बाटली भरायला गेले नाहीत. पाणी देऊन तिथंच बसले.

मामी पोळ्यानंतर गेल्या. प्रज्ञा होती, मामाही होते, हात हातात होता. जलदान विधीला कंपनीतले सगळे आलो. कानिफनाथसुद्धा त्या दिवशी हळू बोलला.

मामा कामावर परत आले ते पिशवी न घेता. नुसता डबा. शेजारची जागा रिकामीच राहायची, पण आता लोक पुस्तकाच्या भीतीनं नाही, काय बोलावं कळत नाही म्हणून बसत नव्हते. मी बसायचो. आम्ही दोघंही झोपायचो. मामांना बसमध्ये झोपलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मान खिडकीवर, तोंड थोडं उघडं. कित्येक वर्षांची झोप एकदम वसूल करत असावेत.

दिवाळी झाली आणि एका सकाळी पिशवी परत दिसली. मामा ताठ बसले होते, म्हणजे जमेल तितके ताठ. कानिफनाथ पुढच्या सीटवरून वळला. त्याच्या थोरल्या भावाचं काही बरं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मामा, कायतरी द्या. डोकं लई जड झालंय."

मामांनी पिशवीत हात घातला. विहिरीचं निघालं. कानिफनाथनं सवयीनं पानं फिरवली.

"ह्यात वळसा कुठं हाय? पिना कुठं गेल्या?"

"काढल्या."

"मग आत खड्डा?"

"हाय," मामा म्हणाले. "हळू चालव. वाचून झालं की मला सांग."

कानिफनाथला काहीतरी टोमणा सुचला असणार. त्यानं तो मारला नाही. पुस्तक जर्किनमध्ये घातलं आणि सरळ वळून बसला.

जेवणाच्या सुट्टीत मामांनी डबा उघडला. डब्यात बसावी म्हणून भाकरी दुमडली होती, ती त्यांनी उलगडून झाकणावर ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"कशी झालीय?"

मी नीट बघितलं. "आपल्या नगर जिल्ह्यासारखी झालीय, मामा."

"म्हंजी?"

"अकोल्यापासून जामखेडपर्यंत. कुठून सुरू झाली आणि कुठं संपली, काही कळत नाही."

"मग घे जामखेडकडनं."

"जामखेडची बाजू जळलीय."

"उन्हाचा तालुका हाय तो," मामा म्हणाले. "जळनारच." आणि भाकरी मोडून ती जळकी बाजू त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली.